शेऱ्याचा रकाना

धायरी फाट्यापासून आत, तिसऱ्या वळणावर सोसायटी.
क्लबहाउसमधलं टेबल टेनिसचं टेबल,
जाळी काढून ठेवलेली.
त्यावर मी मतपेटी ठेवली
आणि उघडून सगळ्यांना दाखवली:
रिकामी आहे, बघून घ्या.
एका पोराने आत डोकं घालून "हॅलो" म्हटलं.
पेटीनेही म्हटलं.
मग मी लाख लावली.

जिल्हा बँकेत बत्तीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवल्या.
निवृत्तीनंतर हे काम,
परक्यांच्या दारी त्यांची निवडणूक लावून देणं.
चहा घेतो तो माझ्याच थर्मासमधला.
पोहे आले होते, दोन्ही पॅनेलांकडून,
दोन्ही बशांवर सारखंच खोबरं.
दोन्ही परत पाठवले.
लिंबाची फोड तेवढी दुपारपर्यंत मनातून गेली नाही.

नियम मोठ्याने वाचले.
एका सभासदाला एक मत, फ्लॅट दोन असोत की चार.
मुलगा ऑस्टिनला असेल तर त्याचं मतही ऑस्टिनला.
व्हॉट्सॲपवरचा अंगठा धरला जाणार नाही.
शिक्का छत्रीवर मारा किंवा कपबशीवर;
रेषेवर मारलात
तर तुमचं मत रेषेला.
इथे हसले सगळे. इथे नेहमी हसतात.

साडेअकराला पोफळेबाई आल्या, तीनशे चार,
बगलेत प्लास्टिकची फाइल.
मी यादीवर पट्टी ठेवली, खाली सरकवली.
तीनशे चारपुढे नाव होतं:
पोफळे दत्तात्रय गंगाधर.
नऊ वर्षांपूर्वी वारलेला माणूस
अजून सभासद, अजून पात्र,
थकबाकी शून्य.
ती शून्य कोण ठेवत होतं, ते समोर उभं होतं.

"आपल्याच बाई आहेत, द्या की साहेब,"
खळदकर म्हणाले. मावळते अध्यक्ष, छत्री.
"नियम म्हणजे नियम," कपबशीचे सामंत म्हणाले,
ज्यांची गाडी सकाळपासून
अग्निशमनाच्या पिवळ्या चौकटीत उभी होती.

मी नाही म्हटलं.
हरकतींची मुदत संपली, यादी अंतिम.
आवाज चढवला नाही.
बँकेतही खातेदाराच्या मागे राहिलेल्या बायकांना
मी असाच, हळू आवाजात,
पुढच्या खिडकीकडे पाठवायचो.

बाई भांडल्या नाहीत.
फाइलमधला एक कागद माझ्याकडे वळवला:
वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज,
पोच मिळाल्याचा गोल शिक्का,
सही ह. वि. खळदकर,
तारीख नऊ वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली.
"तुम्ही आज पेटी दाखवलीत," त्या म्हणाल्या,
"ऑफिसातला ड्रॉवर कोणी उघडून दाखवायचा?"

आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, संध्याकाळपर्यंत.

मोजणी. पंचवीसचे गठ्ठे, रबरबँड.
एका मतपत्रिकेवर शिक्का नाही, पेनने लिहिलेलं,
"आधी टँकर बंद करा."
बाद केली. अक्षर सुंदर होतं.
शेवटच्या जागेला खळदकर सेहेचाळीस,
सामंत सेहेचाळीस.
दोनदा मोजलं, तिसऱ्यांदाही तेच.
कोणी मागे वळून पाहिलं नाही,
पण सगळ्या खोलीला माहीत होतं
सत्त्याण्णवपैकी कोणतं मत पडलं नव्हतं.

चिठ्ठ्या टाकल्या. वॉचमनची अश्लेषा, दुसरीतली,
तिने डोळे इतके घट्ट मिटले की
हात आधी टेबलावर आपटला.
खळदकर.

अहवालात शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा असतो.
मी लिहायला लागलो, मावलं नाही,
समासातून वर चढलो, कागद फिरवला:
अर्ज प्रलंबित, नऊ वर्षे, कारण नमूद नाही.
"वाचून सही करा," म्हटलं.
खळदकरांनी चष्मा शोधला. खिशातच होता.
वेळ लावला त्यांनी वाचायला.
सही पूर्वीसारखीच, फक्त शेवटची रेघ आखूड;
एवढं मला कळतं.

पेटी पिशवीत घालताना बाई जवळ आल्या.
माझ्या अंगठ्याला लाख चिकटली होती, ती खरवडत
मी काहीतरी म्हणणार होतो.
त्याच म्हणाल्या,
"यादीतून ह्यांचं नाव काढतील,
तेव्हा मला आधी सांगायला सांगा.
मी तिथे असेन."

पोरं जाळी बांधायला थांबली होती.