राहता पत्ता

रुवीत, घड्याळाच्या चौकामागे,
मोबाइल दुरुस्ती आणि मलबारी खानावळ यांच्या फटीत
आमचं टायपिंग सेंटर.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
बादली भरली की दुपार झाली, असं मी धरतो.

सत्तावीस वर्षं मी इतरांचं राहणं टाइप करतोय.
नाव पासपोर्टप्रमाणे. कफील. हुद्दा.
फोटोत कान दिसले पाहिजेत, दात नकोत.

सोमवारी एक फरशीवाला आला, सिवानचा.
पोलीस कचेरीतून परत पाठवलेला: ठसा उमटत नाही.
एकोणीस वर्षं संगमरवर घासता घासता
अंगठ्यावरच्या रेषा कुठल्या कुठल्या हॉटेलांच्या
पायऱ्यांवर गेलेल्या.
म्हटलं, रात्री व्हॅसलीन चोळ, पिशवी बांधून झोप,
आणि दोन दिवस काम सोड.
तो म्हणाला, काम सुटलं
तर ठसा कशाला लागेल?

फिलोमेना असती तर हसली असती.
चौदा वर्षं माझ्याशेजारच्या खुर्चीत होती.
मग तिच्या आज्याचा जन्म
पोर्तुगालच्या एका वहीत सापडला
आणि हरमलची ही बाई युरोपची होऊन
स्विंडनला गेली, गोदामात खोकी बांधायला.
पहिल्याच फोनवर ओरडली होती,
"इथं कफील नसतो रे! राहायचं म्हणजे नुसतं राहायचं!"

पुढे त्या देशानं दार ओढून घेतलं
आणि आत राहिलेल्यांना म्हणाला,
राहिलात हे दाखवा. पाच वर्षं. एकेक महिना.
तिनं मला विचारलं. मला!
"विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, भाडं रोख,
मी होते हे कशावरून?"
रात्रभर तिचे महिने शोधले आम्ही.
पगाराच्या चिठ्ठ्या, पोरीच्या शाळेचं पत्र,
दाताच्या डॉक्टरची पावती.
एक मार्च काही केल्या मिळेना.
पहाटे मिळाला: अपेंडिक्स.
"बरं झालं बाई, पोटात दुखलं ते," ती म्हणाली.

आता तिच्याकडे कागद नाही, कार्ड नाही,
फोनमधला एक आकडा आहे.
"फोन पाण्यात पडला तर?"
"तर मीही."

आपल्या भाषेत एकाच शब्दावर भागतं.
बहीण विचारते, जेवायचा राहिलास का अजून?
अब्बांना खांदा द्यायचं राहून गेलं,
कार्ड नवं व्हायला गेलेलं, पासपोर्ट कचेरीत.
मी इथं राहिलो. ते तिथं राहिलं.
व्याकरणाच्या मास्तरांनी हा धातू चालवून घेतला होता,
सगळ्या काळांत. भविष्यकाळात मी अडखळलो होतो
आणि छडी खाल्ली होती.

गुरुवारी झुहेर एकवीसचा होतो.
जन्म इथल्याच इस्पितळात,
वादीत पाणी आलं की कुठून गाडी काढायची
ते त्याला ठाऊक. हर्णैची भरती-ओहोटी ठाऊक नाही.
गुरुवारनंतर माझ्या नावाखाली त्याला राहता येणार नाही.
नोकरी, नाहीतर कॉलेज, नाहीतर तिकीट.

मी त्याचा अर्ज उघडला.
बोटांना सगळं पाठ आहे, डोळे लागत नाहीत.
राहता पत्ता: रुवी.
कायमचा पत्ता: हर्णै, बंदरामागे.
तो खांद्यावरून वाचत होता.
"अब्बा, तिथं कोण राहतं?"
"कुणी नाही."
"मग कायमचा कसा?"

मी बादली ओतायला बाहेर गेलो.
आत येईपर्यंत पडदा पांढरा झालेला:
वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा.

आणि दारात तो फरशीवाला,
उजवा अंगठा प्लास्टिकच्या पिशवीत,
वर रबराचं कडं,
मासळी बाजारातून काही जिवंत आणल्यासारखा
हात पुढे धरून.
"देखिए," तो म्हणाला, "लगता है आ गया।"
मी चष्मा पुसला आणि दिव्याखाली
त्याचं बोट धरून बघत राहिलो.