माहेरचं वैर

किलिफीच्या मागच्या उतारावर
कादझो न्गुम्बाओचा मका गुडघ्याएवढा झाला
आणि मधला पोंगा सुकला.
तिने चिमटीत धरून ओढला, तर
म्यानातून सुरी यावी तसा अलगद हातात आला.
बुडाशी कुजका वास, ओला भुसा,
आणि खाली खोडात
कुणीतरी जेवत बसलेलं.

माझ्याजवळच्या नळीत ठिपके होते.
पंख असलेले ठिपके.
झाकणाला आतून मधाचं बोट लावलेलं.
मटाटूच्या धक्क्यांत नळी फुटू नये म्हणून
दोन्ही गुडघ्यांत धरून आलो होतो.
शेजारच्या बाईने विचारलं, औषध का?
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

गांधीलमाश्या? कादझो म्हणाली. माझ्या शेतात? आणखी?

मग बांधावर बसून सांगितलं:
हा किडा इथला नाही, समुद्रापलीकडचा.
आला असेल कुठल्या गलबतात, कडब्याच्या आडोशाने.
सासरी आला
आणि माहेरचं वैर तिकडेच ठेवून आला.
इथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.
हे ते वैर.
आम्ही बोलावून आणलंय.

जगते किती?
दोन दिवस. फार तर तीन.
तेवढ्यात विष्ठेच्या वासावरून ताट शोधायचं,
भोकातून आत शिरायचं,
जिथे वळायलाही जागा नाही
आणि अळीला जबडे आहेत.
कितीतरी जणी आतच चावल्या जातात.
काही त्याआधी अंडी घालून मोकळ्या होतात.

कादझो बराच वेळ नखाने माती उकरत राहिली.
मग म्हणाली, उघड.

त्या हंगामात काही झालं नाही.
पुढच्यातही नाही.
दर पंधरवड्याला ताटं चिरायचो,
वहीत शून्य लिहायचो.
मग पैसे संपले, गाडी गेली,
मी मोम्बासात सिमेंटच्या दुकानात हिशेब धरला.

सातव्या वर्षी, मेहुण्याच्या लग्नाला गेलो तेव्हा
वाट वाकडी करून तिच्याकडे डोकावलो.
काही न बोलता तिने एक ताट उभं चिरलं.
आत अळी, रिकाम्या पिशवीसारखी,
आणि तिच्या अंगाशी पांढऱ्या कोशांचा पुंजका,
तांदळाची कणी सांडावी तसा.

लिहायचं होतं ना तुला, ती म्हणाली.

माझ्याकडे वही नव्हती.

तिने ताटाच्या दोन फाका जुळवल्या, सुतळीने बांधल्या
आणि पाचोळ्यात ठेवून दिल्या,
सावलीच्या बाजूला.