न जुळलेले चार

गळ्यात एकाच वेळी तीन फिती असायच्या माझ्या.
साखळीची निळी, म्हापशाची तांबडी,
आणि पणजीच्या संध्याकाळच्या वर्गाची,
जिला फीत तरी का म्हणा, सुतळीच ती.
कुठल्या फाटकावर कुठली पुढे करायची
हे बोटांना कळायचं.
एकदाच चुकली बोटं. म्हापशाचा शिपाई
साखळीचं कार्ड निरखून म्हणाला, "ही कोण?"
फोटो माझाच होता.

आईला मी तीनदा समजावलं.
साखळीत दगड शिकवतात, पण आकडेशास्त्राची जागा
दोन वर्षं रिकामी आहे,
म्हापशात सर आहेत, दगड नाहीत,
आणि विद्यापीठाला दोन्ही हवेत, वर एक भाषा.
तिन्हीकडचं साठवायचं, मग तिथं नेऊन ओतायचं.
आई तांदूळ निवडत होती.
"दोन घरचा पाहुणा उपाशी," म्हणाली,
"तू तर तीन घरची,"
आणि डब्यात एक भाकरी जास्तीची घातली.

केरीच्या कदंबवर पुंडलिक शेटकार कंडक्टर.
माझं वेळापत्रक माझ्याआधी त्यांना पाठ.
सोमवारी विचारायचे, "आज दगड की आकडे?"
गुरुवारी काही विचारायचे नाहीत,
परतीची शेवटची बस पणजीहून साडेसातला,
गुरुवारी ते ती दोन मिनिटं उशिरा सोडायला लावायचे.
ही दोन मिनिटं कुठल्याच गुणपत्रिकेवर नाहीत.

साखळीच्या प्रॅक्टिकलचा खनिजाचा तुकडा
पिशवीत म्हापशाच्या आलेखवहीला घासला.
सरासरीच्या रेषेवर तांबडा ओरखडा.
सावर्डेकर सरांनी गुण कापले नाहीत.
"कुठल्या खाणीचा?"
बाबा जिथं ट्रक चालवायचे तिथला, मी म्हटलं.
सरांनी वही मिटून परत दिली,
खूप हळू, जणू आत काही सांडेल.

आणि पोर्तुगीज.
खरं सांगते, मी ती निवडली
कारण तो एकच वर्ग संध्याकाळी भरायचा.
सात जण होतो. एक निवृत्त पोस्टमास्तर,
दोघं लिस्बनला जायच्या तयारीतले,
मी अर्धी झोपेत.
फ्लाविया बाईंनी फळ्यावर दोन भूतकाळ लिहिले,
एक घडून संपलेला,
एक पुन्हा पुन्हा घडत राहिलेला.
मी हात वर केला, आमच्याकडे पण आहेत, बाई.
"गेले," आणि "जायचे."
बाई खडू धरून तशाच उभ्या राहिल्या,
मग म्हणाल्या, हं, आता ही जागी झाली.

ताळगावच्या पठारावर वारा कागद उडवतो.
खिडकीमागे रेवोडकर. त्यांनी तिन्ही गुणपत्रिकांवर
एकेक पेपरवेट ठेवला, चष्मा वर सरकवला,
ओठ हलवत बेरीज केली, पुन्हा केली.
दगड घेतले.
आकडे घेतले, तांबड्या ओरखड्यासकट म्हणा.
पोर्तुगीजपाशी पेन्सिल थांबली.
"हे चार जुळत नाहीत. त्या वर्गाला
आमची मान्यता नाही.
प्रवेशाला अडचण नाही. फक्त हे चार
कुठंच धरले जाणार नाहीत."
आणि चारभोवती गोल केला.
पेन्सिलीचाच केला, एवढं मी पाहिलं.

आता गळ्यात एकच फीत. रुंद, नवी, मानेला टोचते.
फाटकावर बोटं अजून चाचपतात,
बाकीच्या दोघी कुठं गेल्या म्हणून.
शेटकारांनी परवा विचारलं, "आज काय?"
आज सगळंच, मी म्हटलं, एकाच ठिकाणी.
"अरे वा," म्हणाले, पण
तिकीट फाडताना जरा गोंधळले.

भाषेचा पेपर आता नव्याने द्यायचा, दुसऱ्या कुठल्या भाषेत.
वर्गात नवी मुलं विचारतात, तू कुठल्या कॉलेजची?
साखळीला जायचे, मी सांगते,
म्हापशाला जायचे,
गुरुवारी पणजीला जायचे.
त्यांना वाटतं मी बसचा मार्ग सांगतेय.
मी व्याकरण सांगत असते.