झीज

मन्मथअप्पांचा हिशेब
दर पाच तारखेला येतो,
वहीच्या पानाचा फोटो काढून.
पानावर त्यांच्या अंगठ्याची सावली असते,
एखादा आकडा नेहमी तिच्याखाली जातो.

टँकर, दोन. गीझरची कॉइल, पुन्हा.
नळाचे वायसर, बारा नग, एकशेवीस.
मोटार रिवाइंडिंग, अठराशे पन्नास.

मी हैदराबादेतून, चष्मा लावून, विचारते :
नळ सात, वायसर बारा कशाला?
"ताई, बोअरचं पाणी हाय. क्षार खातंय.
मार्चात बसवलेलं जूनपर्यंत टिकंना गेलंय."
औसा रोडच्या त्या चार खोल्यांत
नीटची पोरं दर वर्षी बदलतात,
बादल्यांच्या काठावरचा पांढरा थर तेवढा जुना.

करारात मी हट्टानं एक ओळ घालून घेतली होती :
झीज मालकाची, मोडतोड भाडेकरूची,
दोन हजारांवरचा खर्च विचारूनच.
सोपी वाटली होती तेव्हा.

आता खोली तीनचं दार फुटलंय, खालच्या बाजूनं.
उदगीरच्या पोरानं लाथ मारली.
मी म्हणते, डिपॉझिटमधून कापा.
अप्पा जरा वेळ बोलत नाहीत.
मग : "मारली की. टेस्टात मार्क पडले न्हाईत त्याला.
पर दार आधीपासूनच अडकत होतं.
मी दोनदा सांगितलो होतो तुमाला."
सांगितलं होतं. मेसेज आहे.
खाली माझंच उत्तर : बघू.

म्हणजे अर्धी लाथ माझी.
सहाशेतले तीनशे मी, तीनशे त्याचा बाप,
आणि बापाला कारण काय सांगायचं
ते अप्पा बघतील.

मोटारीची पावती मागून घेतली मी,
सवयीनं, संशयानं नव्हे
(थोडा संशयानंही).
पावतीवर दोन हजार साठ.
वहीत अठराशे पन्नास.
फोटो मोठा करून पाहिला :
सावलीखाली बारीक अक्षरात
जुनं तांबं विकून जमा, दोनशेदहा.

"रातचे अकरा वाजले होते ओ.
सकाळी पोरांचा पेपर, टाकीत थेंब न्हाई.
दोन हजारांवर गेलं तर तुमाला उठवावं लागलं आसतं.
मग आधी तांबं इकलो."

त्या रात्री ते किती वेळा
गच्चीची लोखंडी शिडी चढले असतील.
गेल्या दिवाळीत पाहिलंय मी,
उतरताना डावा गुडघा ते हातानं धरतात.
ही झीज कुणाच्या खात्यावर, विचारलं
तर म्हणाले, "ते करारात न्हाई."
आणि हसले, तसं खोकल्यासारखं.

पुढच्या करारात पाच हजार करते म्हटलं,
रात्री-अपरात्री विचारायला नको.
त्यांना ते फारसं रुचलं नाही.
"ऱ्हाऊ द्या ताई दोनच," म्हणाले,
"इचारायच्या निमित्तानं
तुमी घराचं नाव तरी काढताव."