फुटामागं एक सूत

उद्यमबागेत आमच्या पॅटर्न शॉपात
एक पट्टी आहे, मुद्दाम खोटी.
फुटामागं एक सूत जादा.
बीड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच थोरलं कापायचं.
सत्तावीस वर्षं मी त्याच पट्टीनं मोजत आलोय.

सुटी झाली की डब्याच्या पिशवीत
सागवानाचा एखादा तुकडा, तळहाताएवढा.
मुकादम बघतो आणि घड्याळाकडं वळतो.
वडगावात घरी येईतो साडेसात.
हाताचा भुसा, चहा, मग मागच्या खोलीत
ट्यूबलाइटखाली एक वस्तू, एक तुकडा.
झोपायच्या आत संपवायचं. दुसरा नियम नाही.
वाळायचं ते वाळेल त्याच्या सवडीनं.

पावसाळ्यात तर जवसाचं तेल वाळतच नाही.
आषाढातला कांदा
गौरी आल्या तरी बोटाला लागत होता,
दाराच्या कडीवर अजून त्याचा जांभळा आहे.
द्रौपदा म्हणते,
जवसाची चटणी मागू नका आता,
सगळा जवस भिंतीवर गेला.

मोल्डर बसलिंग सकाळी गेटावर विचारतो,
निन्ने एनु? काल काय?
मी सांगतो. लिंबू.
चष्मा. सायकलची घंटी.
लिंबू.
मत्त लिंबी? म्हणून तो हसतो,
आणि काळ्या वाळूत हात घालून दिवस सुरू करतो.

त्यानंच सांगितलं होतं एकदा जेवणाच्या सुट्टीत,
बैलहोंगलच्या बाजूला, त्याच्या लहानपणी,
दारादारांवर चुन्यानं लिहीत: नाळे बा.
उद्या ये.
रात्री कडी वाजवणारी बया ते वाचायची,
परत फिरायची,
दुसऱ्या रात्री यायची, पुन्हा वाचायची.
सगळे हसले. मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसलो.
विसाव्या वर्षी घेतलेल्या रंगाच्या नळ्या
ट्रंकेत दगड झाल्या होत्या,
आणि मी पन्नाशीला टेकलो होतो.
माझ्याच दारावर कुणी लिहिलं होतं ते?
आणि येणारं काय एवढं शिकलेलं, की दर वेळी
वाचून निमूट गेलं?

एकदा बंद होता. गाड्या नाहीत, दुकानं नाहीत,
चौकात टायर जळत होतं.
पांढरा संपलेला.
घरात अंडं तेवढं होतं.
खिडकी लावून घेतली आणि करड्यानंच केलं,
निळसर करडा, पिवळसर करडा,
टोकाला जेमतेम उजळ.
आजवरच्यात तेच एक बरं झालंय.
नंतर पांढरा आणला, भरपूर आणला,
खरं तसं अंडं परत जमलं नाही.

थोरला भाऊ गेला त्या दिवशीचा तुकडा कोरा.
पाठीवर सुताराच्या पेन्सिलीनं नंबर घातला, १९३,
आणि फळीवर उभा केला बाकीच्यांत.
पाहुण्यातलं एक पोर विचारत होतं,
ह्यात काय आहे ओ?
सागवान, म्हटलं.

आज रताळं. बेळगुंदीची बाई
माती न झाडता तोलून देते.
मातीचेही पैसे दिलेत, तर मातीही काढली.
ती सोपी गेली.
रताळ्यानंच दमवलं. तांबडं म्हणावं तर नाही,
गुलाबी म्हणावं तर ते रागावेल असं.
तीनदा पुसलं. चौथ्यांदा
चिंधीनं पुसताना जे उरलं
तेच बरोबर होतं, तिथंच हात काढला.

द्रौपदानं खरं रताळं उचलून
चित्राशेजारी धरलं.
हे थोरलं झालंय.
असू दे, म्हटलं. सूतभर.

मग तिनं ते धुतलं, उकडलं.
साल सोलताना वाफ आली,
माझ्या नखांत अजून टर्पेंटाइन.
अर्धं आम्ही दोघांनी खाल्लं.
अर्धं ताटलीत आहे,
वर वाटी पालथी घातलेली,
उद्यासाठी.