एवढी ओळ

उद्यमबागेत रात्री पावणेबारा.
पडदा पुन्हा गोठला:
एकच काम अख्खा जीपीयू अडवून बसलंय.

‘कर्नलनंच हिसकावून घ्यावं,’ सतीगौडा म्हणतो,
‘ड्रायव्हरला विचारत बसलो तर
तो कशाला सोडतोय?’
खरंय.

पण वडगावात, आमच्या मागांवर
सावकारानं मेन स्विच ओढला की
धोटा अर्ध्यातच अडकायचा,
ताण्याचे तार तटातट.
इराप्पा न बघताच हात वर करायचा,
‘एवढा बुट्टा हुंदे.’
कुठं थांबलं तर तुटत नाही
ते त्याच्या बोटांना ठाऊक.

आणि कधीकधी
बुट्टा संपायचाच नाही त्याचा.

मी लिहिते: हाक कर्नलनं द्यावी,
जागा ड्रायव्हरनं निवडावी,
मुदत दोन मिलिसेकंद,
नंतर मात्र

सतीगौडा हेल्मेट घालून
दिव्याच्या बटनाशी उभा.
‘थांब रे,
एवढी ओळ हुंदे.’