प्रश्न नववा

समुद्रसपाटीपासून चार हजार दोनशे मीटरवर,
बोलिव्हियाच्या पठारावर ही शाळा.
पत्र्याचं छप्पर, बारा बाकं,
आणि पहिलाच प्रश्न:
मला धाप लागते.
कधीच नाही. थोडीशी. पुष्कळदा. नेहमी.

मागून एलॉय विचारतो,
"बाई, चढावर की बसल्याजागी?"
वर्ग हसतो. मीही हसते.
काल बसमधून उतरल्यापासून
दर दहा पावलांनी भिंत धरते आहे मी.
माझंच उत्तर 'पुष्कळदा' आलं असतं.

हे प्रश्न कुठल्याशा सखल शहरात लिहिले गेले,
जिथे धडधड म्हणजे भीतीच.
तिथून स्पॅनिशमध्ये आले, मग आयमारात,
आणि आयमारात आम्ही तीन दिवस अडलो.
चुयमा म्हणजे फुप्फुस.
चुयमा म्हणजे काळीजसुद्धा.
भाषांतर तपासणाऱ्या बासिलियाबाई म्हणाल्या,
"श्वासाचं दुखणं आणि जिवाचं दुखणं
दोन ओळींत कशाला मांडता?"
दोन्हींना वेगळे गुण आहेत, मी म्हटलं.
त्या कोकाच्या पानांचा चहा
ढवळत राहिल्या, विरघळायला काही नसताना.

आता पेन्सिली कुरकुरतात.
विल्बरने सगळीकडे 'कधीच नाही' ठोकलंय.
गेल्या वर्षी 'नेहमी' लिहिणाऱ्यांना
नाव घेऊन वर्गाबाहेर बोलावलं होतं,
ते तो विसरलेला नाही.
युडित जुळ्या भावाचाही कागद मागते:
"त्याची काळजी मीच करते.
त्याला कुठे जमतं."

खिडकीपाशी नेमेसिया. वय बारा. प्रश्न नववा:
घरातल्या कुणाला तरी काही वाईट होईल
अशी मला भीती वाटते.
तिचा हात वर.
"होईल, की झालं?"

सूचना क्रमांक चार: अर्थ समजावू नये.
प्रश्न पुन्हा, आहे तसाच, वाचून दाखवावा.
मी वाचला. आहे तसाच.
होईल.

तिने 'नेहमी'वर फुली मारली. खोडली.
'कधीच नाही'वर मारली. तीही खोडली.
खोडरबर फिरत राहिलं,
कागदाला आधी मऊ लव फुटली,
मग भोक पडलं,
आणि भोकातून बाकाचं लाकूड दिसू लागलं.
तिने त्यावर बोट ठेवलं
आणि दहावा प्रश्न सोडवायला घेतला.

रात्री खानावळीच्या माडीवर
पाय घोंगडीत गुंडाळून मी बेरजा करते.
हजेरीपटातून वयं उतरवून घेते.
नेमेसियाच्या ओळीत, पालकाच्या रकान्यात
एक नाव काट मारलेलं,
वर वेगळ्या शाईत मावशीचं.

नियम साधा आहे: उत्तर नसेल
तर उरलेल्यांची सरासरी काढून तिथे भरा.
बावीस उत्तरं, बेरीज तेवीस.
सरासरी एक पूर्णांक शून्य चार.
भोकात मी एक लिहिते.
म्हणजे लिहिते कशावर?
खालच्या कागदावर, विल्बरच्या.

चोवीस.
पंचवीसपासून आमची यादी सुरू होते.

खाली खाणीचा भोंगा वाजतो, पाळी बदलते,
तावदान थोडा वेळ थरथरतं.
दिवा मालवायचा म्हणून मालकीण दार ठोठावते.
"किती राहिले अजून?"
एक, मी म्हणते.
एकच.